शेजारच्या बाईंची कॉफी

५ जानेवारी

प्रिय वन्सं,

'वन्सं' म्हटलं की तुझ्या अंगाचा तिळपापड होतो, म्हणूनच म्हणते. कॉलेजात माझ्या शेजारी बसून माझ्याच वह्या उतरवून काढणारी तू, पुढे आपला भाऊ माझ्या गळ्यात बांधलास आणि माझी नणंद होऊन बसलीस. तेव्हा आता भोग. फोनवर तुला माझं एक वाक्य धड ऐकू येत नाही. तुझं ते कानातलं यंत्र नुसत्या शिट्ट्या मारतं, आणि मी ओरडून बोलले की आमच्या घरातल्या गोष्टी सगळ्या मजल्याला कळतात. म्हणून हे पत्र.

विषय तुझा दादा. दुसरा कुठला असणार.

रिटायर होऊन त्याला वर्ष होत आलं. मला वाटलं होतं, नकाशाच्या ऑफिसात जन्मभर मान खाली घालून रेघा मारल्या, आता घरी बसेल, दोन शब्द बोलेल. झालं भलतंच. दुपारची झोप झाली की उठतो, स्वतःच्या हाताने शर्टाला इस्त्री करतो, भांग पाडतो आणि चप्पल घालतो. "कुठे?" तर "जरा कॉफीला." म्हणून गेला की अंधार पडायला लागल्यावर उगवतो. घरात कॉफी नाही का? आहे. लग्न झाल्यापासून मीच करतेय, दूध सढळ, साखर सढळ, चांगली उकळून उकळून. ती सायीसकट तशीच टेबलावर ठेवतो आणि कॉफी प्यायला बाहेर जातो. आता याला काय म्हणायचं ते तू सांग.

घरात त्याचं बोलणं म्हणजे "हूं." वाढू का? हूं. पाणी गेलंय. हूं. तुमच्या बहिणीला बरं नाही. हूं. काल मी मुद्दाम म्हटलं, "अहो, मी मरतेय." पेपरातून डोकं बाहेर न काढता म्हणाला, "हूं." हसावं की रडावं कळेना. शेवटी भाजी चिरायला बसले.

कुठेतरी पाणी मुरतंय. एवढा नटूनथटून माणूस एका कपासाठी जात नाही. मला वाटतं, कोणीतरी आहे. तुला तो मधूनमधून कार्ड टाकतो हे मला ठाऊक आहे. त्यात काही असतं का? खरं सांग. मैत्रीण म्हणून सांग, नणंद म्हणून नको.

तुझी,
वहिनी

१४ जानेवारी

प्रिय वहिनी,

पत्र वाचून आधी पोट धरून हसले, मग लिहायला बसले. दादा आणि बाई? अगं, लहानपणी आईच्या मैत्रिणी घरी आल्या की तो पलंगाखाली जाऊन बसायचा. त्या जाईपर्यंत बाहेर यायचा नाही. एकदा तिथेच झोपला आणि आम्ही गावभर शोधत फिरलो.

त्याच्या कार्डात काय असतं विचारतेस? "मी बरा आहे. तू बरी असशील." उरलेलं कार्ड कोरं. पोस्टमनलासुद्धा वाचायचा कंटाळा येत असेल.

मी कोर्टात आयुष्यभर लोकांच्या जबान्या लघुलिपीत उतरवल्या. त्यातून एवढं नक्की कळलं की घरात बसून केलेला संशय फुगत जातो. तेव्हा ऊठ आणि बघून ये. लपूनछपून नको, सरळ दारातून आत जा. चष्म्याच्या दुकानात उभी राहून दुसऱ्यांना इतकी वर्षं "वरची ओळ वाचा" म्हणालीस, आता जरा स्वतःचे डोळे वापर.

आणि भाऊ गळ्यात बांधल्याचं मला किती वर्षं ऐकवणार आहेस? तो कमी बोलतो हे मी तुला लग्नाआधी बजावून सांगितलं होतं. तू काय म्हणाली होतीस? "चालेल, मी दोघांचं बोलेन."

काय दिसलं ते लिही. पाल्हाळ नको.

तुझी,
वन्सं (आता म्हणूनच टाकते)

२ फेब्रुवारी

प्रिय वन्सं,

गेले. लपूनच गेले, तुझं ऐकलं नाही.

किल्ल्या करून देणाऱ्याच्या आणि जोड्यांच्या दुकानाच्या मध्ये एक चिंचोळं कॉफीचं दुकान आहे. मी त्याच्यावरून शंभरदा गेले असेन. पुढे काच, आत एक लांब काउंटर, त्याला लागून उंच स्टुलं, आणि भिंतीकडे मोजकी टेबलं. जागा कमी म्हणून त्यांचा नियम आहे, एकटा माणूस आला की त्याने काउंटरला बसायचं, टेबल फक्त दोघांना किंवा जास्त जणांना. तुझा दादा काउंटरला बसला होता. बाई कोणीही नव्हती. एक मालकीण, तीही माझ्यापेक्षा थोराड, गुडघे धरून चालणारी.

आणि तो बोलत होता. हातवारे करून बोलत होता. चमच्याने काउंटरवर काहीतरी काढून दाखवत होता, शेजारचा माणूस हसून हसून खोकायला लागला, मालकीण पदर तोंडाला लावून हसत होती, आणि मग तुझा दादा हसला. तोंड उघडून. त्याचा डावीकडचा वरचा एक दात पडलाय, वन्सं. हे मला रस्त्यावर उभं राहून काचेतून कळलं.

बाई असती तर बरं झालं असतं. बाईशी भांडता येतं, तिच्या झिंज्या उपटता येतात. स्टुलाच्या झिंज्या कुठून उपटू? त्याला बोलता येतं, आणि माझ्यापाशी बोलायचं नसतं, एवढंच आहे ते. मी रस्ता ओलांडून घरी आले आणि उगाच सगळी कपाटं आवरली.

दुसऱ्या दिवशी सकाळी, तो बँकेत गेला असताना, मी तिथे गेले. काउंटरला बसले. स्टुलावर चढताना लाज वाटली, पाय लोंबकळतात. मालकीणबाईंनी विचारलं, "कशी हवी तुम्हाला?" मी आपलं म्हटलं, दुपारचे लोक घेतात तशी. त्यांनी बिनदुधाची, काळीकुट्ट समोर ठेवली. पहिला घोट म्हणजे शुद्ध काढा. दुसरा नाइलाजाने घेतला. तिसऱ्याला मी गप्प झाले, आणि तुला माहीत आहे मी सहज गप्प होत नाही. आधी जीभ आखडते, मग मागे काहीतरी चांगलं राहतं, भाजलेल्या शेंगदाण्याच्या सालासारखं. कप संपल्यावरही ते तोंडात होतं. मी त्याच पावली घरी येऊन आपली उकळलेली कॉफी केली, पिऊन बघितली, आणि मोरीत ओतली.

आता मी रोज सकाळी जाते. त्या बाई बिया मागच्या खोलीत स्वतः भाजतात. ज्या दिवशी भाजतात त्या दिवशी कोपऱ्यावरूनच वास येतो आणि माझे पाय आपोआप भराभर पडतात. त्याला पत्ता नाही. नवराबायको एकाच दुकानात जातो, एकाच काउंटरला बसतो, तो दुपारी, मी सकाळी.

आणखी एक गोष्ट कळली तिथे. ती लिहीत नाही.

तुझी,
वहिनी

११ फेब्रुवारी

प्रिय वहिनी,

वाचलं. दोनदा वाचलं, म्हणजे मला वाईट वाटलं असं समज.

पण रडत बसू नकोस. तुला कॉफी आवडायला लागली ना? मग सोपं आहे. दुपारी जा. त्याला म्हण, आज मीही येते. माणूस बाहेर बोलतो तर बाहेर जाऊन ऐक. आपल्या वयात मानपान काय करायचा आहे.

जे लिहीत नाहीस ते मनात ठेवून आजारी पडशील. पण मी खोदणार नाही.

वन्सं

९ मार्च

प्रिय वन्सं,

तुझ्या तोंडात साखर पडो, जरी मी हल्ली साखर घेत नसले तरी.

गेले मी दुपारी. आता आम्ही काउंटरला नसतो, दोघं झालो ना, खिडकीजवळचं टेबल मिळतं. आणि तो बोलतो. माझ्याशी. त्याने मला तळ्याची गोष्ट सांगितली. नोकरीत नवा असताना त्याने एका नकाशात चुकून तळं काढलं, जिथे नुसता खडकाळ माळ होता. ते कोणाच्या लक्षातच आलं नाही, नकाशा छापला गेला, पुन्हा छापला गेला. मग एक दिवस एक कुटुंब डबे घेऊन ऑफिसात हजर, आम्ही सहलीला गेलो होतो, तळं कुठे आहे? सगळं ऑफिस एकमेकांकडे बघतंय आणि तुझा दादा टेबलाखाली पेन्सिल शोधतोय. इतक्या वर्षांत मला ही गोष्ट माहीत नव्हती. तुला होती?

मी त्याला माझ्या चष्म्याच्या दुकानातल्या गोष्टी सांगितल्या. शेवटची ओळ दिसत नसली तरी पाठ करून म्हणणारे, नवा चष्मा लावून आरशात बायकोला बघणारे आणि मग तिच्याकडे वळून "तू अशी आहेस होय" म्हणणारे. तो हसला. पुढे काय झालं विचारलं. मला कोणी पुढे काय झालं विचारलं याला किती काळ लोटला असेल.

दुपारचं जेवण झालं की माझं लक्ष घड्याळाकडे. ठेवणीतल्या साड्या बाहेर काढल्यात. हसू नकोस.

घरी विचारशील तर घरी अजून हूं. त्यात फरक नाही. मी तिथून थोडी आधी निघते, तो मागून येतो, आणि घरात आल्यावर पुन्हा पेपर. आमच्यात एक गंमत आहे, ती तुला सांगणार नाही. ती गंमत आहे का, हेही मला धड सांगता यायचं नाही. पण रोजचा तो तास माझा आहे आणि मी तो कोणाला देणार नाही.

तुझी,
वहिनी

२० मार्च

प्रिय वहिनी,

एक विचारते, सरळ उत्तर दे. त्या टेबलावर रोज तूच असतेस ना? एखाद्या दिवशी तुला जमत नसेल, तेव्हा तो एकटाच जातो का? सकाळी कुठे जातो? त्याच्या कपड्यांना कधी कसला वास वगैरे?

का विचारते ते विचारू नकोस. तू फार सुखात आहेस असं पत्रावरून दिसतं, आणि तू सुखात असलीस की तुला समोरचं दिसत नाही, हे मी कॉलेजपासून बघत आलेय.

मी येतेय. कानाच्या डॉक्टरचं निमित्त आहे. दादाला सांगू नकोस. कधी ते तुलाही सांगत नाही.

वन्सं

३ एप्रिल

प्रिय वहिनी,

घरी पोचले. कोणी विचारलं नाहीच, तरी कळवते.

मी काय गुन्हा केला ते मला कळलेलं नाही. गाडीतून उतरले ती बॅग घेऊन तडक तुमच्या त्या दुकानात आले. काचेतून दादाची पाठ दिसली, समोर एक बाई. मी बॅग तशीच दारात टाकली. आत शिरून बघते तर काय, बाई म्हणजे तू. मला इतकं हायसं वाटलं, इतका आनंद झाला, की मी ओरडले, "अगं, ही तर माझी वहिनीच आहे, दादाची बायको!" ओरडले असेन. मला माझा आवाज ऐकू येत नाही, तुला ठाऊक आहे. पण त्यात असं काय होतं? मालकीणबाई हातात किटली घेऊन तशाच थिजल्या. काउंटरवरचे सगळे वळले. दादा उठला, माझ्याकडे बघितलंही नाही, छत्री विसरून बाहेर पडला. आणि तू, माझी जिवाभावाची मैत्रीण, माझ्याकडे अशी बघत होतीस जशी मी तुझ्या घराला काडी लावली.

दोन दिवस राहिले, तुमच्या दोघांच्या तोंडाला कुलूप. दादा गाडीवर सोडायलासुद्धा आला नाही.

आता ऐक मी का आले ते. मार्चमध्ये दादाचं कार्ड आलं. पहिल्यांदाच पूर्ण भरलेलं. मी शब्दाला शब्द उतरवते, सवय आहे मला. "शेजारच्या एका बाईंशी ओळख झाली आहे. रोज कॉफीला भेटतो. चष्म्याच्या दुकानात होत्या, फार छान सांगतात. त्यांच्याशी बोलायला बरं वाटतं. इतकं बरं मला पूर्वी कधी वाटलं नव्हतं. तुझ्या वहिनीला यातलं काही लिहू नकोस."

चष्म्याचं वाचलं तेव्हा मला वाटलं, तुझ्याच दुकानातली कोणी तुझ्या घरात शिरली. तू तिकडे साड्या काढून नटतेस आणि इकडे हा असलं लिहितो. मी काय करायला हवं होतं? गप्प बसायला?

वन्सं

१२ एप्रिल

प्रिय वन्सं,

आता सगळं लिहिते. मध्ये टोकू नकोस, पत्रात टोकता येत नाही हे बरं आहे.

जानेवारीच्या शेवटी मी सकाळची जायला लागले तेव्हा मालकीणबाई एकदा गप्पांत म्हणाल्या, "दुपारी आमच्याकडे एक साहेब येतात, नकाशेवाले. फार मजेशीर माणूस. पण एकटे आहेत बिचारे, मिसेस वारल्या." मी कपातच बघत राहिले. नंतर कळलं, त्याने असं म्हटलं नव्हतं. कोणीतरी घरी कोण असतं विचारलं, तो "कोणी नाही" म्हणाला, आणि मारण्याचं काम त्या लोकांनी त्याच्या वतीने केलं. त्याने फक्त ते खोडून काढलं नाही. मी तिथे स्टुलावर पाय लोंबकळत बसलेली, हातात कप, आणि मी मेलेली. त्यांनी मला विचारलं, "तुमच्या घरी कोण?" मी म्हटलं, "मीही एकटीच." रागाने म्हटलं.

मग तू लिहिलंस, दुपारी जा. मी त्याच्याबरोबर गेलेच नाही. तो गेल्यावर मागून गेले. मला त्याला सगळ्यांसमोर पकडायचं होतं. "ही माझी बायको" एवढे शब्द त्याच्या तोंडून काढायचे होते, मग ते दुकान आणि ती कॉफी गेली उडत. मी आत शिरले, मालकीणबाई एवढ्या खूश झाल्या, "या, तुमची ओळख करून देते." तुझ्या दादाने मला पाहिलं. चेहरा पांढराफटक. आणि म्हणाला, "ओळखतो मी यांना. शेजारीच राहतात आमच्या."

मी त्याच वेळी सांगायला हवं होतं. कप फेकायला हवा होता. पण तो माझ्याकडे असा बघत होता, वन्सं, त्या पलंगाखालच्या पोरासारखा, की मी मान हलवली. हो म्हटलं, शेजारीच. मालकीणबाईंनी आम्हाला टेबलावर बसवलं, आता दोघं ना. आणि तो म्हणाला, "तुम्ही काय घेणार?"

तुम्ही. मला.

मग तळं निघालं, चष्मे निघाले, सगळं निघालं. बायकोला सांगायच्या नसतात त्या गोष्टी शेजारच्या बाईंना सांगता येतात, असं काहीतरी असेल. मला काय, मी ऐकत होते. तिथे मी मध्ये बोलत नव्हते, शेजारणीला कसं बोलता येईल. मालकीणबाईंनी तर मला बाजूला घेऊन सांगितलं, "साहेब तुम्ही आल्यापासून खुललेत. विचार करा, या वयात सोबत लागते." माझ्याच नवऱ्याचं स्थळ मला दुसऱ्यांदा आलं. पहिल्यांदा तू आणलं होतंस.

तू आलीस त्या आठवड्यात मी त्याला विचारलं, "तुमच्या मिसेस कशा होत्या?" तो खिडकीबाहेर बघत राहिला. मी बोलले नाही. मग म्हणाला, "हुशार होती. मनाने चांगली. फार बोलायची. मला उत्तर सुचेपर्यंत तिचं दुसरं वाक्य निम्मं झालेलं असायचं. सुरुवातीला मी प्रयत्न केला. मग सोडून दिला. मग मला वाटतं तिलाच वाटायला लागलं, याला काही बोलायचंच नसतं." आणि थोडं थांबून, "कॉफी फार वाईट करायची. कधी सांगितलं नाही." मी त्याच्यासमोर बसून, मान खाली घालून, स्वतःचं हे ऐकत होते. मला राग आला नाही. मला ती बाई आठवली, म्हणजे मी.

दुसऱ्या दिवशी मी विचारलं, "त्यांना सांगायचं राहिलं असं काही आहे का?" त्याने कप बशीत फिरवला. म्हणाला, "आहे. एकच. मी तिला कधी..." आणि दार उघडलं आणि तू ओरडलीस.

तुला दोष देत नाही, असं लिहिणार होते. पण देते. खोटं कशाला लिहू.

आता तो घरी असतो. गंजी घालून पेपर वाचतो. मी काळी कॉफी करायला शिकले, त्याच बिया, तशीच चव, समोर ठेवते, तर "हूं." मी विचारलं, "त्या दिवशी काय म्हणणार होतात?" तर, "कुठल्या दिवशी?" त्याच्या कार्डावरचं तू उतरवून पाठवलंस ते मी इतक्यांदा वाचलंय की पाठ झालंय. इतकं बरं मला पूर्वी कधी वाटलं नव्हतं. मला त्या शेजारणीचा हेवा वाटतो, वन्सं. त्याला ती आवडत होती.

मला ते अर्धं राहिलेलं वाक्य हवंय. चांगलं असो, वाईट असो. माझं आहे ते, आणि त्याशिवाय मला काही नकोय.

तुझी,
वहिनी

२१ एप्रिल

प्रिय वहिनी,

पत्र हातात घेऊन मी खूप वेळ स्वयंपाकघरात उभी होते. माझ्या आवाजाची मला आयुष्यात इतकी लाज कधी वाटली नव्हती.

दादाला माफीचं लिहिलं होतं. उत्तर आलं, "मी बरा आहे. तू बरी असशील." म्हणजे तो परत पलंगाखाली गेलाय.

आता एक सांगते, हसू नकोस. घरात विचारून काही निघायचं नाही. घरात तू बायको आहेस. तू बाहेर जा आणि शेजारीण होऊन परत ये. तुझ्याच घराची बेल वाजव. चांगली साडी नेस. तो दार उघडेल तेव्हा त्याला "तुम्ही" म्हण आणि गप्प उभी राहा. गप्प, वहिनी. तो बोलेपर्यंत. तुला हे जमणार नाही असं मला वाटतं, पण करून बघ. त्याला शेजारणीशीच बोलता येतं, तर शेजारीण त्याच्या दारात गेली पाहिजे.

मला लगेच लिही.

तुझी,
वन्सं

२ मे

प्रिय वन्सं,

केलं.

काल दुपारी ती निळी साडी नेसले आणि बाहेर पडले. आधी दुकानात जाऊन कॉफीची पुडी घेतली. मालकीणबाई तोंडदेखलं बोलल्या. म्हणाल्या, "आमची चेष्टा केलीत तुम्ही दोघांनी." मी म्हटलं, नाही हो, चेष्टा नव्हती. त्यांना पटलं नाही. काउंटरवरचे लोक गप्प बसून मी जायची वाट बघत होते. तिथे आता मला काय, त्यालाही जाता येणार नाही.

घरी आले. पर्समध्ये किल्ली होती, तरी बेल वाजवली. आतून पाय घासत आला. दार उघडलं, अंगात गंजी, नाकावर चष्मा. मी म्हणाले, "नमस्कार. तुमच्या शेजारची. ओळखलंत ना? कॉफी आणलीय, म्हटलं तुम्ही घरी असाल तर बसावं थोडं."

आणि गप्प उभी राहिले. तू सांगितलंस तशी.

त्याने ओळखलं. मला नाही, तिला. चष्मा काढला, गंजी खाली ओढून सारखी केली, आणि ते कॉफीच्या टेबलावरचं तोंड, वन्सं, ते हळूहळू त्याच्या चेहऱ्यावर आलं. म्हणाला, "या ना." मग म्हणाला, "त्या दिवशी तुम्ही विचारलं होतंत." मी मान हलवली. म्हणाला, "मी सांगत होतो..." आणि थांबला. खाली बघत शब्द शोधत होता. तो शोधत होता, शोधत होता, आणि मी त्याच्याकडे बघत होते, आणि मला वाटलं आता राहतंय, आता पुन्हा राहून जातंय, आणि मला राहवलं नाही. मी म्हणाले, "बोला ना, अहो, काहीही असलं तरी बोला, मी रागावणार नाही, खरंच नाही, त्या दिवशीच झालं असतं हे सगळं, वन्सं मध्ये आली म्हणून, नाहीतर..."

शेजारच्या बाईंना वन्सं कुठून असणार.

ते तोंड मावळताना मी बघितलं. माझं वाक्य अजून चालूच होतं, मला ते थांबवता येत नव्हतं. त्याने चष्मा परत नाकावर ठेवला, माझ्या हातातली पुडी घेतली, आणि जिन्याकडे नजर टाकून म्हणाला, "आत ये. लोक बघतायत."

मी आत गेले आणि दार लावून घेतलं.

तुझी,
वहिनी